मोटारीला छप्पर असावे की नसावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रकावर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या व्यासपीठावरून अध्यात्म, राजकारण, शिक्षण आणि शेती यांचे प्रश्न ऐकायचे, तेथून दोन माणसांच्या शौकीन मोटारीला छप्पर असावे की नसावे याची चर्चा ऐकण्यासाठी एक संध्याकाळ खर्ची घालावी, हा काय प्रकार आहे, असे त्यांना वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेमुली आज इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेत नोकरीस आहेत. रविवारी त्यांचा फोन येतो. हवापाण्याची चौकशी झाली, लोणचे पोचल्याची वर्दी मिळाली, की चिरंजीव हळूच सांगतात, "बाबा, गाडी घ्यायचं ठरवलंय. दोन सीटची स्पोर्ट्स कार. फक्त कूपे घ्यावी की टप उघडणारी घ्यावी, एवढंच ठरत नाहीये." त्यावर बाबा म्हणतात, "चार सीटची घे." आणि संभाषण तेथेच संपते.

हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. प्रश्न असा आहे, की रोज कामावर जाण्यायेण्यासाठी गाडी घ्यायची आहे, ती दोन सीटचीच घ्यायची हे ठरले आहे, आणि तीच गाडी छपराची व बिनछपराची अशा दोन रूपांत मिळते आहे. यांतली कोणती निवडावी? या प्रश्नात पैसा आहे, सुरक्षितता आहे, आणि आपण खरोखर कसे जगतो याचा हिशेबही आहे. म्हणून तो आम्ही आपल्यापुढे मांडण्याचे योजले आहे.

प्रथम शब्द पाहू. 'कूपे' हा शब्द आपल्याला मोटारीमुळे नव्हे, आगगाडीमुळे ठाऊक आहे. पहिल्या वर्गात दोघांपुरता जो लहानसा कप्पा असतो तो कूपे. हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ 'कापलेला'. घोडागाडीच्या काळात समोरासमोर चार जण बसतील अशी बंदिस्त बग्गी असे. तिचा पुढचा अर्धा भाग कापून दोघांपुरती केलेली गाडी ती कूपे. पुढे मोटारी आल्या तेव्हा दोन दारांच्या, ठेंगण्या, मागे उतरत्या छपराच्या गाडीला तेच नाव मिळाले. दुसरा प्रकार टपाचा. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. ऊन लागले की टप वर ओढायचा, संध्याकाळी चौपाटीवर निघाले की मागे पाडायचा. व्हिक्टोरिया मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण त्यांचा टप मोटारीच्या अंगावर अजून शाबूत आहे. तेव्हा ज्या गाडीचे छप्पर कायमचे जोडलेले ती कूपे, आणि जिचे छप्पर मागे पाडता येते ती टपाची गाडी, असे आपण आज म्हणू.

आता कोणी म्हणेल, आम्ही पुणेकर आयुष्यभर दुचाकीवर हिंडलो. उघड्या वाहनाचे कौतुक आम्हांला काय सांगता? ऊन, धूळ, पाऊस, समोरच्या बसचा धूर, सारे अंगावर घेऊन झाले आहे. इतक्या वर्षांनी डोक्यावर छप्पर आले, ते पुन्हा काढून टाकायचे? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मुळात आपल्या हवेतला नाही. जेथे ऊन फुकट आणि मुबलक असते तेथे माणूस सावली बांधतो. जेथे सूर्य पाहुण्यासारखा येतो तेथे तो आला, की माणूस दारे-खिडक्या उघडून बसतो. उघड्या स्पोर्ट्स गाडीची आवड इंग्लंडात इतकी रुजली, याचे मर्म बरेचसे यात आहे. म्हणून आपणही उदाहरण इंग्लंडातलेच घेऊ. आणि ते असे घेऊ, की जेथे एकाच गाडीने ही दोन्ही रूपे वर्षानुवर्षे धारण केली.

ती गाडी म्हणजे एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती तयार होई. १९६२ साली ती लोकांपुढे आली तेव्हा ती उघडी, दोन सीटची, टपाची गाडी होती. इंजिन १७९८ सीसीचे. तिच्या आधीच्या एमजीए गाडीला खाली वेगळा पोलादी सांगाडा, म्हणजे ज्याला आपले मेकॅनिक चासी म्हणतात तो असे, आणि त्यावर पत्र्याचे अंग चढवलेले असे. एमजीबीत तो वेगळा सांगाडा काढून टाकला. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. पुढे १९६५ च्या ऑक्टोबरात याच गाडीचे बंद रूप आले, त्याचे नाव एमजीबी जीटी. तिच्या छपराची घडण करण्यात इटलीतील पिनिनफारिना या नामांकित संस्थेचा हात होता. पुढची काच उंच केली, मागे वर उचलले जाणारे दार बसवले, आणि सीटमागे लहान मुले कशीबशी बसतील असे एक बाकडे दिले. १९८० साली ॲबिंग्डनचे उत्पादन थांबेपर्यंत उघड्या गाड्या सुमारे ३ लाख ८७ हजार आणि जीटी सुमारे १ लाख २५ हजार तयार झाल्या.

तिनास एक हे प्रमाण ऐकून, 'म्हणजे लोकांनी कौल दिला!' असे कोणी म्हणेल. पण या आकड्यांचा असा अर्थ काढता येत नाही. जीटी तीन वर्षे उशिरा आली. शिवाय या गाड्यांचा मोठा वाटा अमेरिकेत जात असे, आणि तेथे १९७४ नंतर जीटी विक्रीस ठेवलीच गेली नाही. जेथे एकच पदार्थ पानात वाढला आहे, तेथे पंगतीची आवड कशी ठरवणार? तेव्हा मतमोजणी बाजूला ठेवून गाडीकडेच पाहू.

छपराविषयी सामान्य समजूत अशी, की ते ऊन-पावसाचे झाकण आहे. काढले तर वारा लागेल, ठेवले तर लागणार नाही, यापलीकडे फरक काय? फरक पुष्कळ आहे. एक बांबू घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून पाहा. तो दाद देत नाही. आता तोच बांबू एका बाजूने टोकापासून टोकापर्यंत उभा चिरा आणि पुन्हा पिळा. त्यातले लाकूड एक तोळाही कमी झालेले नाही, पण तो हातात पिळला जातो. बंद नळी पिळाला जो विरोध करते, त्याच्या मानाने फटीची नळी काहीच करीत नाही. बंद गाडी म्हणजे अखंड बांबू, आणि उघडी गाडी म्हणजे चिरलेला बांबू. पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले, की साऱ्या गाडीला पीळ बसतो. बंद गाडीत तो पीळ छप्पर, खांब आणि तळ मिळून सोसतात. उघड्या गाडीत छपराचा वाटा तळावर आणि दाराखालच्या उंबऱ्यांवर पडतो. म्हणून खराब रस्त्यावर उघड्या गाडीची पुढची काच आणि स्टिअरिंग थरथरताना दिसते, दारे बारीक किरकिरतात. तो आवाज म्हणजे नसलेल्या छपराची आठवण होय.

यावर इंजिनिअर लोकांचा उपाय असा, की उंबरे जाड करायचे, तळाला आडव्या पट्ट्या द्यायच्या, काचेची चौकट भक्कम करायची. परंतु हे सारे पोलाद आहे, आणि पोलादाला वजन आहे. त्यामुळे पुष्कळदा एक विचित्र गोष्ट घडते. छप्पर काढलेली गाडी छपराच्या गाडीपेक्षा जड भरते. पोर्शच्या ९११ गाडीचे घ्या. ती जन्मली बंद. तिचे पुरते उघडणारे रूप १९८२ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात आले. अलीकडच्या पिढ्यांत ते रूप बंद रूपापेक्षा सुमारे ७० किलोंनी जड असते. म्हणजे कूपेत एक माणूस एकटा निघाला, तर टपाच्या गाडीत तो एका न दिसणाऱ्या सोबत्याला घेऊन निघतो.

पण एमजीबीचे उलट झाले. ती जन्मलीच उघडी. तिचे उंबरे, तिचा तळ, सारे काही छप्पर नाही हे धरूनच घडवले होते. जीटी करताना त्यावर छपराचा पत्रा आणि काचा वाढल्या, म्हणून जीटी जड झाली. वेग घेताना ती उघड्या गाडीच्या किंचित मागे पडे; पण छपरावरून वारा नीट सरकून जाई, म्हणून तिचा कमाल वेग उघड्या गाडीहून ताशी पाचेक मैल अधिक, म्हणजे ताशी १०५ मैल भरला. यावरून ग्राहकाने ध्यानात ठेवायची पहिली गोष्ट निघते. गाडी उघडी आहे की बंद, एवढेच विचारू नये. ती मूळ कोणत्या रूपात जन्मली, हे विचारावे. जी उघडी जन्मली तिला उघडी घेण्यात फारसे गमवावे लागत नाही. जी बंद जन्मली आणि नंतर कापली गेली तिच्या बाबतीत वजन, थरथर आणि किंमत या तिन्हींचा हिशेब मागावा.

किंमत हा शब्द आला म्हणून एक गंमत सांगतो. पोर्शची बॉक्स्टर नावाची उघडी गाडी १९९६ साली आली आणि तिच्यावरून घडवलेली केमन ही बंद गाडी २००५ साली. बरीच वर्षे कारखान्याने बंद गाडीला अधिक किंमत लावली. २०१६ साली नवी पिढी आली तेव्हा उघडीला अधिक लावली. एकाच गाडीला छप्पर असले तर ती महाग की नसले तर महाग, याबद्दल खुद्द करणाऱ्याचे मत पालटले. तेव्हा विकत घेणारा गोंधळला तर त्याला हसू नये.

आता सुरक्षिततेकडे वळू. गाडी उलटली तर काय, हा प्रश्न उघड्या गाडीला जन्मापासून चिकटलेला आहे. अमेरिकेत १९६६ साली मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्यापाठोपाठ, उघड्या गाड्यांवर बंदीच येणार, अशी धास्ती कारखानदारांनी घेतली. ब्रिटिश लेलँडने ट्रायम्फ टीआर-७ ही स्पोर्ट्स गाडी १९७५ साली काढली ती केवळ बंद रूपात. जग्वारची एक्सजे-एस त्याच वर्षी आली, तीही बंदच. १९७६ साली कॅडिलॅक एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन टपाची गाडी म्हणून गाजली. प्रत्यक्षात बंदीचा कायदा कधी आलाच नाही. टीआर-७ ला १९७९ साली टप मिळाला, आणि १९८२ साली क्रायस्लरने अमेरिकेत पुन्हा टपाची गाडी आणली. या मधल्या काळात उघड्या गाडीचा खप खाली आणण्याचे काम भीतीने जितके केले, तितकेच एअर कंडिशनरनेही केले. बंद गाडीत गार हवा मिळू लागल्यावर उघड्या गाडीचा एक मोठा युक्तिवाद गळून पडला.

भीती निराधार होती असे मात्र नाही. म्हणूनच कारखान्यांनी तोडगे काढले. पोर्शने १९६५ साली टार्गा दाखवली. तिच्यात सीटमागे पोलादी कमान कायम ठेवून फक्त डोक्यावरचा भाग काढता येई. मर्सिडीजच्या १९८९ च्या एसएल गाडीत गाडी कलंडू लागताच सीटमागून आपोआप उभी राहणारी कमान बसवली. तिला उभी राहायला एका सेकंदाचा तिसरा हिस्सादेखील लागत नाही. तेव्हा आजची चांगली उघडी गाडी म्हणजे जिवावरचा जुगार नव्हे. परंतु जुनी उघडी गाडी हौसेने घेऊन ती रोज महामार्गावर नेणार असाल, तर सीटमागे अशी कमान आहे का, हे रंग पाहण्याच्या आधी पाहावे.

आता रोजच्या वापराचे बघू, कारण आपला विषय रविवारच्या सहलीचा नाही. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्याला ७०० च्या आसपास. म्हणजे पाऊस आपल्याकडे अधिकच! पण आपला पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांत पडून मोकळा होतो. उरलेले आठ महिने माणूस छत्री माळ्यावर टाकू शकतो. लंडनचा पाऊस बारा महिन्यांवर पातळ पसरलेला असतो. भुरभुर आली, गेली, पुन्हा आली. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे कचेरीतून सुटणाऱ्याला घरी जाताना आकाश दिसतच नाही. अशा हवेत एमजीबीच्या आरंभीच्या काळातला टप कसा होता ते ऐका. साध्या गाडीबरोबर मिळणारा टप मागे पाडायचा नसे, तर चौकट सुटी करून, कापड गुंडाळून, डिकीत ठेवायचा असे. पावसाचा थेंब पडला, की गाडी कडेला घ्यायची आणि तंबू ठोकावा तसा टप उभारायचा. सुटसुटीत घडीचा टप हवा असल्यास त्याचे पैसे वेगळे. आज ही दगदग उरलेली नाही. माझदाची एमएक्स-५ ही गाडी १९८९ साली जुन्या इंग्रजी उघड्या गाडीचाच कित्ता गिरवीत निघाली. तिच्या चौथ्या पिढीचा टप चालकाला बसल्या जागेवरून एका हाताने पाडता आणि चढवता येतो.

तरीही कापड ते कापड. ते उन्हाने विटते, घडीवर झिजते. जुन्या टपांना मागे प्लॅस्टिकची खिडकी असे. ती काही वर्षांत धुरकट होई, आणि मागची गाडी दिसते ती धुक्यातल्यासारखी. चोराला टप फाडायला एक चाकू पुरतो, म्हणून रस्त्यावर गाडी ठेवणारे काही मालक दाराला कुलूपच लावीत नाहीत. गाडीत मौल्यवान काही ठेवायचे नाही, आणि चोराने हवे तर दार उघडून खात्री करून घ्यावी, असा त्यांचा व्यवहार. सामानाचे पाहावे, तर पडलेला टप स्वतःच जागा खातो. जीटीचे मागचे दार उचलून बाजारहाट, सुटकेस, लहान टेबलसुद्धा आत जाई. उघड्या एमजीबीच्या डिकीत स्टेपनीनेच बैठक मारलेली असे. टपावरचे पाणी वाहून जाण्यासाठी कित्येक गाड्यांत सीटमागून बारीक नळ्या नेलेल्या असतात. शरद ऋतूत झाडाखाली गाडी ठेवली आणि त्या नळ्या पाल्याने तुंबल्या, की पाणी आत मुरते आणि गंज धरतो. आणि तो गंज उंबऱ्यांना लागला, तर ज्यांच्यावर साऱ्या गाडीचा पीळ तोललेला आहे तेच कुजू लागतात. जुन्या एमजीबी गंजाने इतक्या खिळखिळ्या झाल्या, की १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवरून त्यांची नवी कोरी अंगे पाडावयास आरंभ केला.

यावर महामार्गाचा गोंगाट आहे. ताशी ७० मैलांनी टप पाडून गेलात, तर शेजारच्याशी बोलणे संपते आणि तासाभराने कान शिणतात. टप चढवला तरी कापडातून वारा आणि मालमोटारींचा घरघराट आत येतोच. रोज चाळीस मैल महामार्गाने जाऊन चाळीस मैल परत यायचे असेल, तर हा त्रास हौसेला पुरून उरतो.

इतके सारे ऐकून आपण म्हणाल, मग निकाल लागला. कूपे घ्यावी आणि मोकळे व्हावे. थांबा. दुसरी बाजू अजून मांडायची आहे, आणि ती भावनेची नसून वेगाची आहे.

एमजीबी जीटी ऑक्टोबर १९६५ मध्ये आली, हे मघाशी सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने मोकळ्या रस्त्यांवर ताशी ७० मैलांची मर्यादा तात्पुरती म्हणून घातली, आणि १९६७ साली ती कायम केली. म्हणजे जीटीने छपराच्या जोरावर मिळवलेले कमाल वेगाचे ते पाच मैल दोन महिन्यांत निरुपयोगी झाले! गावात तर १९३५ पासूनच ताशी ३० मैलांचे बंधन आहे, आणि वेल्समध्ये २०२३ साली पुष्कळशा वस्तीच्या रस्त्यांवर ते २० वर आले. कूपेचा खरा गुण, म्हणजे अंगाचा ताठपणा, वळणावर न डगमगणे, वाऱ्यातून सरळ निघून जाणे, हा वेगात प्रकट होतो. आणि रोजच्या रस्त्यावर तो वेग घ्यायची मुभा नाही, वाव नाही, जागाही नाही. उघड्या गाडीचे सुख मात्र वेगावर अवलंबून नाही. ताशी २० मैलांनी जाताना कापलेल्या गवताचा वास येतो, पावाच्या भट्टीचा येतो, चर्चच्या घंटा ऐकू येतात, झाडांची सावली अंगावरून सरकत जाते. सिग्नलला थांबले, तर कूपेतला माणूस खोळंबलेला असतो आणि उघड्या गाडीतला ऊन खात बसलेला असतो. कूपे जे देते ते मिळवायला रिकामा रस्ता लागतो. उघड्या गाडीला आपली नेहमीची गर्दीही पुरते. तेव्हा रोजच्या वापराला कूपे आणि हौसेला उघडी गाडी, असा जो सरसकट न्याय सांगितला जातो तो अर्धाच खरा आहे. गावातल्या गावात, संथ, छोट्या फेरीसाठी उघडी गाडीच रोजची सोबतीण म्हणून सरस ठरू शकते. थंडीचे म्हणाल तर कोरड्या थंडीत पायांशी हीटर लावून टप पाडून जाणारे लोक तेथे पुष्कळ आहेत. मर्सिडीजने २००४ साली एसएलके गाडीत सीटच्या वरच्या भागातून मानेवर ऊबदार हवा सोडण्याची सोय केली ती अशांसाठीच.

येथे चतुर मनुष्य विचारील, की दोन्ही सुखे एका गाडीत का असू नयेत? हा विचार फार जुना आहे. जॉर्ज पोलँ नावाच्या एका फ्रेंच दंतवैद्याने पत्र्याचे छप्पर डिकीत जाऊन बसेल अशी युक्ती काढली, आणि पूझो कंपनीने १९३४ साली ती गाडीवर आणली. अमेरिकेत फोर्डने १९५७ साली तसा प्रयोग केला, मर्सिडीजने १९९६ साली. २०१६ साली माझदाने एमएक्स-५ चे आरएफ हे रूप दाखवले. त्यात बटण दाबले की तेरा सेकंदांत छपराचा मधला भाग मागे जाऊन दडतो. सोय उत्तम, पण फुकट नव्हे. कापडी टपाच्या गाडीपेक्षा ती सुमारे ४५ किलोंनी जड, आणि छपराच्या जोडीला मोटारी, सांधे व तारा आल्या; जे जे हलते ते ते कधीतरी बिघडते. तिसरा मार्ग सुट्या पक्क्या छपराचा. हिवाळ्यात बसवायचे, उन्हाळ्यात काढायचे. पण ते उचलायला बहुधा दोन माणसे लागतात आणि काढलेले छप्पर ठेवायला जागा लागते. आपल्याकडे जास्तीची गादी कोठे ठेवावी हा प्रश्न सुटत नाही, तेथे मोटारीच्या छपराचे काय सांगावे!

मग निवड करायची कशी? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. गाडी रात्री कोठे निजते? ती मूळ कोणत्या रूपात जन्मली? आणि दहा मिनिटांच्या रस्त्यासाठी टप पाडण्याइतके आपण खरोखर उत्साही आहोत काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनाला विचारू नये. मन नेहमी 'हो' म्हणते. एक कागद घ्यावा आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यावर लिहावे: आज किती फेऱ्या झाल्या, त्यांपैकी किती वेळा आकाश कोरडे होते, आणि त्यांपैकी किती वेळा आपण टप पाडला असता. शेवटचा आकडा प्रामाणिकपणे लिहावा. आणि गाडी पाहायला जायचे ते पावसाच्या रात्री, महामार्गावर. घर घ्यायचे तर ते भर पावसाळ्यात पाहावे, असे आपल्याकडे वडीलधारे सांगतात. विकणारा मात्र ते दिवाळीत दाखवतो. टपाच्या गाडीचेही तसेच आहे.

आमचे मत विचाराल तर ते स्पष्ट सांगतो. घरात ती एकच गाडी, रात्री ती रस्त्यावर उभी, आणि रोजचा रस्ता महामार्गाचा, असे असेल तर कूपे घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. गाडीला डोक्यावर छप्पर मिळणार असेल, रस्ता छोटा आणि संथ असेल, आणि कागदावरचा शेवटचा आकडा पंधरा दिवसांत पाच-सहाच्या पुढे गेला असेल, तर जी उघडी जन्मली आहे अशी टपाची गाडी खुशाल रोज वापरावी. सर्वांत तोट्यात जातो तो तिसरा. तो टपाची गाडी घेतो आणि टप कधीच पाडत नाही. तो थरथर सोसतो, गोंगाट सोसतो, नळ्यांतला पाला काढतो, आणि ज्या आकाशासाठी हे सारे पत्करले ते मात्र पाहत नाही.

आणि हा तिसरा मनुष्य इंग्लंडातच असतो असे समजू नका. आपल्या शहरातल्या कोणत्याही नव्या इमारतीकडे मान वर करून पाहा. घर घेताना 'प्रशस्त गॅलरी' आहे म्हणून जास्तीचे पैसे मोजले; पहिल्या पावसाळ्यात पाणी आले म्हणून तिला काचा बसवल्या; दुसऱ्या वर्षी त्यात वॉशिंग मशीन गेले आणि तिसऱ्या वर्षी जुनी रद्दी. त्याऐवजी खोलीच मोठी मागून घेतली असती तर पैसे वाचले असते. आणि शेजारी एखादे वृद्ध जोडपे रोज संध्याकाळी आपल्या उघड्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून चहा घेत बसलेले असते. पावसाची झड आली की खुर्च्या आत घेतात, थांबली की पुन्हा बाहेर काढतात. त्या दोघांना गॅलरी परवडली, कारण खुर्च्या आतबाहेर करण्याचा त्यांना कंटाळा नाही.

तेव्हा येत्या रविवारी फोन आला आणि चिरंजीवांनी तोच प्रश्न विचारला, तर 'चार सीटची घे' असे म्हणण्यापूर्वी एवढे विचारा, "अरे, खुर्च्या आतबाहेर करायला तुला कंटाळा तर नाही ना?" उत्तर देताना तो जरा अडखळला, तर कूपे घ्यायला सांगा.